हौसेची नौका आणि हिशेबाची वही

पाम बीच मार्ग ओलांडून सीवूड्सच्या पश्चिम अंगाला गेले की इमारतींची रांग संपते आणि पाणथळ भूमी सुरू होते. हिवाळा सरता सरता तेथील तळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यापलीकडे तिवरांची हिरवी भिंत आणि तिवरांपलीकडे दिवसातून चार वेळा रूप पालटणारी खाडी. जवळच, करावे गावाच्या हद्दीत, व्यापारी जहाजांचे अधिकारी घडविणारी ‘चाणक्य’ ही संस्था उभी आहे. १९२७ साली ‘डफरिन’ जहाजावर सुरू झालेले हे शिक्षण १९७२ मध्ये ‘राजेंद्र’ जहाजावर गेले आणि १९९३ मध्ये येथे किनाऱ्यावर स्थिरावले. या उपनगराच्या नावातला समुद्र केवळ जाहिरातीपुरता नाही, तो खरोखरच शेजारी आहे.

दाणाबंदर आणि मशीद बंदर येथील घाऊक बाजार वाशी-तुर्भ्यात आला, त्याच्यामागोमाग अनेक व्यापारी कुटुंबे नवी मुंबईत स्थायिक झाली. पहिल्या पिढीने दुकान उभे केले, दुसरीने ते वाढविले. आता तिसरी पिढी सुटीच्या सकाळी गॅलरीत उभी राहून खाडीकडे पाहते आणि म्हणते, “बाबा, आपली एक बोट असती तर?” गेटवेसमोर नांगरलेल्या पांढऱ्या नौका आणि मांडव्याच्या धक्क्यावर उतरणारी हौशी मंडळी तिने पाहिलेली असते. नेरुळ आणि बेलापूर येथे आता जेट्टी आहेत. १२ जानेवारी २०२४ रोजी खुल्या झालेल्या अटल सेतूवरून जाता-येता खालचे पाणीही खुणावते.

ही इच्छा वाईट नाही. व्यापारी समाजाला समुद्र परकाही नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या सिंधिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. त्या दिवसाची आठवण म्हणून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. तथापि ते जहाज व्यापारासाठी होते, त्यामागे भांडवल, विमा आणि अनुभवी कप्तान होते. हौसेची नौका घेणाऱ्या गृहस्थाजवळ बहुधा यांपैकी केवळ भांडवल असते. उरलेल्या गोष्टी त्याला मिळवाव्या लागतात. त्या कोणत्या, याचा विचार धनादेशावर स्वाक्षरी करण्यापूर्वी झालेला बरा.

खरेदीपूर्वीची आकडेमोड

मोटार आणि नौका यांत एक मूलभूत फरक आहे. मोटार वापरली नाही तर तिचा खर्च बराचसा थांबतो. नौका वापरली नाही तरी तिचा खर्च चालूच राहतो, किंबहुना न वापरलेली नौका अधिक खर्चात पाडते. नांगरण्याच्या जागेचे भाडे, खलाशाचे वेतन, तळाची सफाई व रंग, इंजिनाची देखभाल, विमा आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवण्याचा खर्च ही खाती वर्षभर उघडी असतात. नौकामालकांत जगभर एक ठोकताळा प्रचलित आहे: खरेदी किमतीच्या सुमारे दहा टक्के रक्कम दरवर्षी देखभालीसाठी धरावी.

समजा, नौकेची मूळ किंमत चाळीस लाख रुपये आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून क्रीडा व विहारासाठीच्या नौकांवर वस्तू व सेवा कराचा दर ४० टक्के झाला आहे. त्यापूर्वी तो २८ टक्के आणि वर ३ टक्के उपकर असा होता. म्हणजे कराचे सोळा लाख मिळून छप्पन्न लाख रुपये गुंतले. देखभालीचे चार लाख. गुंतलेली रक्कम सुरक्षित ठेवीत सात टक्क्यांनी ठेवली असती तर मिळणारे व्याज तीन लाख ब्याण्णव हजार. एकूण सात लाख ब्याण्णव हजार. हंगाम ऑक्टोबर ते मे असा आठ महिन्यांचा. महिन्यातून दोन फेऱ्या केल्या तर वर्षात सोळा. एका फेरीचा भार एकोणपन्नास हजार पाचशे रुपये, आणि त्यात इंधन नाही, घसाराही नाही. हा आकडा पाहूनही ज्याचे मन डगमगत नाही, त्याने पुढे जावे. ज्याचे डगमगते, त्याने हंगामात चार वेळा नौका भाड्याने घ्यावी. समुद्र तोच असतो.

व्यापाऱ्याच्या मनात या टप्प्यावर हमखास एक विचार येतो: नौका पेढीच्या नावावर घेतली तर? येथे सावध राहिले पाहिजे. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७(५) नुसार नौकेवर भरलेल्या कराची वजावट सर्वसाधारणपणे मिळत नाही. नौकांची पुढे विक्री, प्रवासी किंवा माल वाहतूक, अथवा नौका चालविण्याचे प्रशिक्षण हा व्यवसाय असेल तरच अपवाद. घरगुती विहाराचा खर्च व्यवसायाचा खर्च म्हणून दाखविणे हे आयकराच्या दृष्टीनेही टिकणारे नाही. संपत्तीकर अस्तित्वात होता तेव्हा खासगी विहाराच्या नौका करपात्र मालमत्तेत नावानिशी मोजल्या जात. तो कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने रद्द झाला, हा दिलासा आहे. तेव्हा हौस स्वतःच्या नावावर, करोत्तर उत्पन्नातून आणि शक्यतो कर्जाविना करावी. नौकेचे मूल्य वर्षागणिक उतरते आणि गरजेच्या वेळी खरेदीदार लवकर सापडत नाही. अशा वस्तूवर हप्ते चालू ठेवणे हे कोणत्याही जाणत्या व्यापाऱ्याला रुचणारे नाही.

दुसरा मार्ग भागीदारीचा. चार कुटुंबांनी मिळून नौका घेतली आणि प्रत्येकाने हंगामात महिन्याला एक फेरी केली, तर वरच्याच हिशेबात बत्तीस फेऱ्या होतात आणि एका फेरीचा भार चोवीस हजार सातशे पन्नासवर येतो. जहाजात हिस्सा ठेवण्याची रीत जुनीच आहे. १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यात जहाजाच्या मालकीचे दहा हिस्से कल्पिलेले होते. मात्र मित्रांतील भागीदारी तोंडी ठेवू नये. कोणता रविवार कोणाचा, मोडतोड झाल्यास भरपाई कोणाची, हप्ता थकविला तर काय, बाहेर पडणाऱ्याच्या हिश्श्याचे मूल्य कसे ठरवावे आणि नौका चालविण्याचा अधिकार कोणाला, या पाच बाबी मुद्रांक कागदावर असाव्यात. दिवाळीचा पहिला रविवार चौघांनाही हवा असतो, हे करार करताना कोणालाच आठवत नाही.

कागद पक्के हवेत

अंतर्गत जलमार्गांवरील नौकांसाठी १९१७ चा जुना कायदा मागे पडून त्याची जागा २०२१ च्या कायद्याने घेतली आहे. यांत्रिक नौकेचे सर्वेक्षण, नोंदणी, चालकाचे प्रमाणपत्र आणि विमा यांची त्यात तरतूद आहे. महाराष्ट्रात हे काम १९९६ साली स्थापन झालेले महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. सर्वेक्षणाच्या प्रमाणपत्रावर दोन गोष्टी बारकाईने वाचाव्यात: नौकेवर कमाल किती माणसे घेता येतील आणि कोणत्या हद्दीत ती चालविता येईल. खाडीपुरते प्रमाणपत्र असलेली नौका उघड्या समुद्रात नेली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी प्रथम तेच पान उघडते.

जुनी नौका घेताना तर दामदुप्पट दक्षता हवी. आधीच्या मालकाच्या नावावरील बोजा, थकलेले भाडे आणि नोंदणीची मुदत तपासावी. स्वतंत्र सर्वेक्षकाकडून नौका पाण्याबाहेर काढून तपासून घ्यावी. सोने घेताना कसोटी लावणारा माणूस नौका घेताना केवळ चकाकणाऱ्या रंगावर भुलतो, असे होऊ नये.

आणखी एक मुद्दा मुंबईचा म्हणून वेगळा. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील दहशतवादी समुद्रमार्गे आले होते. तेव्हापासून या बंदरात प्रत्येक नौकेकडे संशयाने नव्हे, पण दक्षतेने पाहिले जाते. गस्ती नौकेने थांबविले तर इंजिन मंद करावे, कागद दाखवावेत आणि नम्रपणे बोलावे. नौदलाची गोदी, तेलवाहू जहाजांचे धक्के आणि जवाहरलाल नेहरू बंदराचा परिसर यांपासून दूर राहावे. तेथे छायाचित्रे काढण्याचा मोह मुलांनाही आवरायला सांगावे.

पंचांग आणि पाणी

खाडीकाठच्या नौकामालकाचा खरा स्वामी म्हणजे भरती-ओहोटी. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार-पाच मीटरपर्यंत अंतर पडते. सकाळी जेथे नौका डौलाने तरंगत होती, तेथे दुपारी चिखल उघडा पडतो आणि त्यात बगळे चालताना दिसतात.

कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत आहे. तिथीची संख्या पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा अंदाजे तास मिळतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. चतुर्दशीला चौदाची पाऊणपट साडेदहा, म्हणजे सकाळी साडेदहाला भरती आणि सुमारे सव्वासहा तासांनी, पावणेपाचच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. ज्या घरांत अष्टमी-चतुर्दशी पाळली जाते, तेथील आजीबाईंना हा हिशेब बोटांवर करता येईल. अर्थात हा केवळ अंदाज. प्रत्यक्ष निघण्यापूर्वी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकावरून वेळ पक्की करावी, आणि खाडीच्या आत भरती काहीशी उशिरा पोहोचते हेही ध्यानी ठेवावे.

या हिशेबाचे व्यावहारिक मोल मोठे आहे. चतुर्दशीला सकाळी दहा वाजता भरल्या पाण्यावर निघालेले कुटुंब दुपारी साडेचारला परतू पाहील, तर खाडीत त्याला पाण्याऐवजी गाळ भेटेल. आणि उधाणाच्या दिवसांत जशी भरती मोठी, तशी ओहोटीही खोल असते. म्हणून जाणते नाखवे सांगतात की परतीचा प्रवास चढत्या पाण्यावर करावा. चढत्या पाण्यात नौका रुतली तर थोड्या वेळात आपोआप सुटते. उतरत्या पाण्यात रुतली तर पुढची भरती येईपर्यंत लहान मुले आणि वृद्धांसह उन्हात किंवा अंधारात बसून राहावे लागते. अशा वेळी नौका ढकलण्यासाठी कोणीही चिखलात उतरू नये. खाडीचा गाळ कमरेपर्यंत ओढतो आणि सहजासहजी सोडत नाही.

पाणी सारख्या वेगाने चढत-उतरत नाही, हेही समजून घ्यावे. ढोबळमानाने सहा तासांत त्याची वाटणी अशी होते: पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या व चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. एकूण फरक ३६० सेंटिमीटर असेल तर पहिल्या तासात पाणी केवळ ३० सेंटिमीटर उतरते, पण तिसऱ्या व चौथ्या तासात प्रत्येकी ९० सेंटिमीटर. “आत्ता तर पाणी होते” असे म्हणणारे बहुधा याच मधल्या दोन तासांत फसतात.

वाऱ्याचेही वेळापत्रक आहे. कोरड्या हंगामात सकाळी समुद्र शांत असतो. दुपारनंतर खारे वारे जोर धरतात, आणि वारा व पाण्याचा प्रवाह समोरासमोर आले की लहान लाटा उभ्या राहून नौका आपटू लागते. म्हणून सकाळी लवकर निघावे आणि वारा वाढण्यापूर्वी परतीला लागावे. इंधनाचे तीन भाग कल्पावेत: एक जाण्याचा, एक येण्याचा आणि एक अडचणीचा. तिसऱ्या भागाला, पेढीच्या राखीव निधीप्रमाणे, हात लावू नये.

१८ डिसेंबरचा धडा

१८ डिसेंबर २०२४ रोजी दुपारी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेवर इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान नौका आदळली. हवा चांगली होती, उजेड होता, प्रवास तासाभराचा होता. शंभराहून अधिक माणसे पाण्यात गेली आणि पंधरा जणांनी प्राण गमावले. बहुतेक प्रवाशांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. त्याआधी २४ ऑक्टोबर २०१८ रोजी याच बंदरात, शिवस्मारकाच्या नियोजित जागेकडे निघालेली एक वेगवान नौका बुडाली होती आणि एका तरुणाचा मृत्यू झाला होता.

या घटनांतून घरगुती नौकामालकाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. जीवरक्षक जाकीट पेटीत ठेवण्याची वस्तू नव्हे, ते धक्क्यावरच अंगावर चढवून मग नौकेत पाऊल टाकायचे असते. अपघात झाल्यावर पेटी उघडायला वेळ मिळत नाही. जाकिटावर त्याची तरंगशक्ती न्यूटनमध्ये छापलेली असते. पन्नास न्यूटनचे जाकीट पोहता येणाऱ्यास केवळ साहाय्य करते. कुटुंबासाठी शंभर किंवा दीडशे न्यूटनचे घ्यावे. मुलांचे जाकीट त्यांच्या वजनाचे असावे आणि त्याला पायांमधून जाणारा पट्टा असावा, अन्यथा पाण्यात मूल खाली आणि जाकीट वर अशी स्थिती होते. थोर पाहुण्यांना जाकीट घालायला सांगताना यजमानाला संकोच वाटतो. तो वाटू नये म्हणून यजमानाने सर्वांत आधी स्वतः घालावे.

चालकाने स्वतःच्या मनगटाला किंवा जाकिटाला इंजिन बंद करणारी दोरी अडकविलेली असावी. चालक तोल जाऊन पाण्यात पडला तर ती दोरी सुटून इंजिन थांबते. नाहीतर मोकळी नौका वर्तुळात फिरत त्याच्याच अंगावर येते. कोणी पाण्यात पडल्यास किंवा पोहून नौकेकडे येत असल्यास पंखा फिरत नसल्याची खात्री आधी करावी. पेट्रोलचे इंजिन आतल्या खणात असेल, तर सुरू करण्यापूर्वी किमान चार मिनिटे हवा बाहेर फेकणारा पंखा चालवावा. साठलेली वाफ एका ठिणगीने पेट घेते.

जलमार्गाचे नियमही रस्त्यासारखेच शिकावे लागतात. समोरासमोर आलेल्या दोन यांत्रिक नौकांनी आपापल्या उजवीकडे वळावे. आडव्या मार्गाने येणारी नौका आपल्या उजव्या हाताला असेल तर वाट आपण द्यावी. रात्री डाव्या अंगाला लाल आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो. कंटेनर वाहून नेणारी जहाजे खोल पाण्याचा अरुंद मार्ग सोडू शकत नाहीत आणि त्यांना थांबायलाही फार अंतर लागते. त्यांच्या समोरून घाईने निसटण्याचा खेळ जीवघेणा आहे. हे शिक्षण देणारी सोय आपल्या देशात आहे. गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत यांत्रिक नौका हाताळण्याचे आणि जीवरक्षणाचे अभ्यासक्रम चालतात. नौका चालवायला खलाशी ठेवलेला असला तरी घरातील किमान दोघांनी, आणि त्यांत एका स्त्रीने, हे शिकून घ्यावे. खलाशालाच भोवळ आली तर नौका धक्क्यावर कोण आणणार?

निघण्यापूर्वी कोण कोण चालले, कोठे चालले आणि किती वाजता परतणार, हे कागदावर लिहून घरी किंवा शेजारी ठेवावे. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक नौकेत चालकासमोर चिकटवावेत. मोबाइलच्या भरवशावर राहू नये. नौकेवरील संपर्क यंत्रणेची सोळा क्रमांकाची वाहिनी जगभर संकटाच्या हाकेसाठी राखलेली आहे.

यंत्राची निगा आणि चार महिन्यांची विश्रांती

खाऱ्या पाण्यातून परतल्यावर इंजिन गोड्या पाण्याने आतून धुणे ही रोजची पूजा समजावी. तळाला लावलेले जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे तुकडे स्वतः झिजून पंखा आणि दांडा यांना गंजण्यापासून वाचवितात. ते निम्मे झिजले की बदलावेत. इंधनाचा प्रश्न अलीकडचा आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. अनेक बाह्य इंजिनांच्या पुस्तिकांत दहा टक्क्यांपर्यंतचेच मिश्रण चालेल असे म्हटलेले असते. इथेनॉल हवेतील ओल शोषते आणि महिनोन् महिने पडून राहिलेल्या टाकीत पाणी तळाशी बसते. पाणी वेगळे करणारी गाळणी बसवावी, टाकीत इंधन साठवून ठेवू नये आणि खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून हा खुलासा लेखी घ्यावा.

नौकेच्या तळाला कालवे व शिंपले चिकटतात, त्यांच्यामुळे वेग घटतो आणि इंधन अधिक जळते. ते चिकटू नयेत म्हणून लावण्याचे नेहमीचे रंग तांबेयुक्त असतात आणि चिकटणाऱ्या जीवांना मारून काम करतात. कथिलयुक्त जुने रंग तर इतके घातक ठरले की २००८ पासून आंतरराष्ट्रीय कराराने त्यांवर बंदी आली. आता सिलिकॉनचे गुळगुळीत लेप मिळतात. ते जीवांना मारत नाहीत, त्यांना घट्ट चिकटू देत नाहीत, आणि नौका चालू लागली की ते गळून पडतात. हे लेप महाग आहेत आणि नौका नियमित चालविली तरच त्यांचा उपयोग होतो. तरीही या मासिकाच्या वाचकांच्या घरांत हा पर्याय विचारात घेतला जाईल, यात शंका नाही.

मे महिन्याच्या अखेरीस हौसेच्या नौका पाण्याबाहेर काढल्या जातात. कोळी बांधव याच सुमारास आपल्या नौका शाकारतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र पुन्हा मोकळा मानला जातो. चातुर्मासात साधुसाध्वी विहार थांबवून एका ठिकाणी राहतात, तसाच नौकेनेही पावसाळा एका जागी काढावा. हाच काळ तिच्या दुरुस्तीचा. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी “अजून एक फेरी” हा हट्ट मात्र कोणी धरू नये. पहिले वादळी ढग तारीख विचारून येत नाहीत.

नौकेवरील पाहुणचार

नौका घेतली की पाहुणे वाढतात. हा त्या खरेदीतला आनंदाचा भाग आहे. मामेभाऊ, व्याही, व्यापारातील स्नेही, मुलांचे मित्र सर्वांना एकदा यायचे असते. पण प्रमाणपत्रावर आठ माणसे लिहिलेली असतील तर नववा माणूस कितीही जवळचा असला तरी धक्क्यावर राहतो. हा नकार देण्याचे धैर्य ज्याच्याजवळ नाही, त्याने नौकामालक होऊ नये. निमंत्रण देतानाच संख्या सांगितली तर कोणाचे मन दुखावत नाही.

नौकेवर एकाच माणसाचा शब्द चालतो. घरी वडील श्रेष्ठ, पेढीवर मोठे बंधू श्रेष्ठ, पण पाण्यावर चालक श्रेष्ठ, मग तो पंचवीस वर्षांचा पुतण्या असो किंवा पगारी तांडेल. “थोडे आणखी पुढे घ्या” असा आग्रह मालकाने तांडेलाला करू नये. त्याने “नको शेठ” म्हटले तर त्यामागे वर्षांचा अनुभव असतो. त्याचे वेतन वेळेवर द्यावे, त्याचा अपघात विमा उतरवावा आणि डबा उघडताना प्रथम त्याला विचारावे.

खाण्याचे म्हणाल तर खाकरा, ठेपले, दशम्या, सुका मेवा आणि भरपूर गाळलेले पाणी पुरेसे. शेगडी पेटवू नये. सूर्यास्तापूर्वी जेवण्याची घरातील शिस्त येथे दुहेरी उपयोगी पडते, कारण जेवणासाठी घरी पोहोचायचे तर नौका उजेडातच धक्क्याला लागते. ज्यांना समुद्र लागतो त्यांनी क्षितिजाकडे पाहत बसावे, मोबाइलमध्ये डोके घालू नये. मित्रांकडून इंधनाचा हिस्सा म्हणून पैसे घेण्याची सवय लावून घेऊ नये. खासगी नौकेवर भाडे घेतले असा अर्थ निघाला तर नोंदणी आणि विमा दोन्ही अडचणीत येतात. परतफेड करायचीच असेल तर पाहुण्यांनी परतल्यावर नौका धुवायला हात लावावा.

या छंदाचे एक मोठे देणे म्हणजे नौकामालकांमधील बंधुभाव. पाण्यावर अडलेल्याला ओढून आणणे हा तेथे उपकार समजला जात नाही, ते कर्तव्य मानले जाते. ब्रिटनमध्ये १८२४ साली स्थापन झालेली जीवरक्षक नौकांची संस्था आजही प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या बळावर आणि देणग्यांवर चालते. दानधर्माची परंपरा असलेल्या समाजाला हे उदाहरण अपरिचित वाटू नये. खाडीकाठच्या धक्क्यांवर मुलांच्या मापाची चांगली जाकिटे ठेवण्याची व्यवस्था कोणी केली, तर ते अन्नछत्राइतकेच पुण्याचे काम होईल.

खाडीचे आधीचे रहिवासी

करावे, दारावे, दिवाळे या गावांतील आगरी-कोळी कुटुंबे खाडीवर पिढ्यान् पिढ्या जगत आली आहेत. खुंटांना बांधलेली त्यांची डोल जाळी पाण्याखाली असतात, वर केवळ तरंगणारे बोये दिसतात. त्यांवरून नौका नेली तर जाळे फाटते, पंखा अडकतो आणि एका घराची महिन्याची कमाई जाते. चूक झालीच तर पळून न जाता गावात जाऊन भरपाई द्यावी. व्यापाऱ्याची पत जशी बाजारात, तशीच ती खाडीतही असते. आणि पाण्याची खरी माहिती नकाशापेक्षा या मंडळींजवळ अधिक असते.

दुसरे रहिवासी म्हणजे पक्षी. ठाणे खाडीचा वरचा भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळीचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या गाळातच या पक्ष्यांचे अन्न असते. छायाचित्रासाठी थव्याजवळ वेगाने नौका नेली की तो उडतो, आणि त्याची जेवणाची वेळ निघून जाते. थवा अस्वस्थ होऊन माना वर करू लागला, की तेथेच थांबावे आणि मागे फिरावे. तेलाचा एक थेंब किंवा वेफर्सचे एक पाकीटही खाडीत जाऊ देऊ नये.

शेवटी एक साधी सूचना. प्रत्येक नौकेवर एक वही असावी. निघण्याची वेळ, भरतीची वेळ, माणसांची संख्या, भरलेले इंधन, इंजिन किती तास चालले, आणि काय बिघडले, एवढे तिच्यात लिहावे. वर्षाच्या शेवटी ती वही सांगेल की नौका ठेवावी की विकावी. त्या वहीतला सर्वांत महत्त्वाचा रकाना मात्र पैशाचा नाही. धक्क्यावरून निघताना मोजलेली डोकी आणि परतल्यावर मोजलेली डोकी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहावेत. संध्याकाळी मुले धावत धक्क्याच्या पायऱ्या चढत असतात, मागून आजोबा विचारतात, “सगळे आले का रे?” आणि वहीत पाहून कोणीतरी उत्तर देते, “आठ गेलो होतो, आठ आलो.” तेवढा ताळेबंद जुळला की त्या दिवसाची हौस फिटली असे समजावे.